आकडा आधी तिला सांगू दे

पत्र असं आहे:

«ताई, नमस्कार. आम्ही पाचजणी पाचवीपासून एका वर्गात होतो. लग्नं होऊनही सगळ्या कोल्हापुरातच राहिलो. यंदा सगळ्यांनी चाळिशी ओलांडली. दोन वर्षांपूर्वी भिशी लावली, पण नंबर काढायचा नाही असं ठरवलं. महिन्याला दोन हजार, माझ्याकडे जमा. आज प्रत्येकीचे ४८,००० झालेत. त्यात बँकॉकला चार रात्री जाऊन यायचं आहे. परदेश कुणीच बघितलेला नाही.

आता अडचणी ऐका. एक शिक्षिका आहे, तिला दिवाळीच्या सुट्टीशिवाय जमत नाही, म्हणून सुट्टी लागली की लगेच निघायचं ठरतंय. एकीचं घर मोठं. ती म्हणते, चार स्टारच्या खाली मी राहणार नाही, सगळ्यांचे वरचे पैसे मी घालते. एक माळकरी घरातली, तिला अंडंसुद्धा चालत नाही. आणि पाचवी महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात कामाला आहे. ती दर वेळी म्हणते, ‘तुम्ही जावा, मला काय सुट्टी मिळत नाही बघा.’ आम्हाला वाटतं तिचा प्रश्न पैशांचा आहे. तिच्या पोरीचं कॉलेज सुरू झालंय. चौघींनी मिळून तिचा खर्च उचलावा असं बाकीच्या म्हणतात. मला ते कसंतरी वाटतं. तिला सोडून जावं का? एवढ्या पैशांत होतं का? की सरळ टूरवाल्यांबरोबर जावं? माझे मिस्टर तर बँकॉक म्हटल्यावर नुसते हसतायत.
– हिशेबाची वही सांभाळणारी»

अगं वहीवाली,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, कॅल्क्युलेटर नंतर. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस महाद्वार रोडला काय गर्दी असते ते तुला मी सांगायला नको. कापडाच्या दुकानातल्या बाईनं त्या दिवसांत पाच दिवसांची रजा मागायची म्हणजे मालकाच्या हातात आपणहून नारळ देऊन ‘मला घालवा’ म्हणण्यासारखं आहे. ती ‘सुट्टी मिळत नाही’ म्हणते, तर कदाचित तिला सुट्टीच मिळत नसेल! तुम्ही चौघींनी तिच्या सरळ वाक्यातून पैसे शोधून काढले. पैशांचाही प्रश्न असेल, नाही म्हणत नाही मी. पण तारीख शिक्षिकेच्या सुट्टीवरून ठरली, हॉटेल मोठ्या घरातल्या मैत्रिणीवरून, जेवण माळकरणीवरून. पाचवीला तुम्ही काय विचारलंत? ‘येणार का?’ एवढंच ना?

तर तारखेचं आधी. भाऊबीज झाली की कापड बाजार एकदम थंडावतो आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईचं गिऱ्हाईक सुरू होतं. मधले आठ-दहा दिवस दुकानातल्या माणसाला जरा मोकळे. शाळेची दिवाळीची सुट्टी बहुतेक ठिकाणी तेव्हा संपलेली नसते. म्हणजे शिक्षिका आणि दुकानातली, दोघींना चालतील असे दिवस वर्षातून बहुधा एकदाच येतात, ते हे. भाऊबीजेला माहेरी जाऊन या आणि दोन दिवसांनी निघा. हवासुद्धा बरी असते. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस झोडपतो, नोव्हेंबरपासून उघडीप होते. एप्रिलमध्ये मात्र कुणी फुकट नेलं तरी जाऊ नका, ऊन आपल्या मे महिन्यासारखं आणि वर घामाची चिकचिक.

एक मोह होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. आपली त्रिपुरारी पौर्णिमा असते ना, पंचगंगेच्या घाटावर दिवे लावतात ती, त्याच पौर्णिमेच्या सुमाराला थायलंडात लोय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाची चकती, तिच्यावर पानं-फुलं, उदबत्ती, मेणबत्ती लावून नदीत सोडतात. वाचलं की वाटतं, अगदी तेव्हाच जावं. पण तोवर शिक्षिकेची शाळा भरलेली असेल आणि दुकानात शालू-पैठण्यांचे गठ्ठे सुटलेले असतील. जाऊ दे. आपला घाट आहेच.

आता पैसे. तुझ्या वहीत बसेल असाच हिशेब सांगते. बात म्हणजे तिकडचं चलन, त्याचा भाव मी पावणेतीन रुपये धरला आहे, तो रोज थोडा हलतो. मुंबईहून बँकॉकचं जाऊन-येऊन तिकीट दोन-अडीच महिने आधी काढलं तर साधारण बावीस हजार धर. त्याहून स्वस्त मिळालं तर देवीला पाच नारळ. कोल्हापूर-मुंबई रेल्वेनं जाऊन-येऊन आणि दादर ते विमानतळ टॅक्सी मिळून अडीच हजार. राहायला दोन खोल्या, एक तिघींची आणि एक दोघींची, रात्रीचे सात हजार धरले तर चार रात्रींचे अठ्ठावीस हजार, म्हणजे माणशी ५,६००. तिथला प्रवास, देवळांची तिकिटं, जेवण आणि दोन वेळा मालिश, मालिश करून घ्यायचीच, पाय बोलत नाहीत नंतर, हे सगळं माणशी साडेचार हजार बात, म्हणजे साडेबारा हजार रुपये. प्रवासाचा विमा आणि फोनचं सिमकार्ड दीड हजार. बेरीज केलीस? ४४,१००. उरले ३,९००. त्यात खरेदी.

म्हणजे होतं. घट्ट होतं, पण होतं. आणि चार स्टार घातलं की होत नाही.

मोठ्या घरातल्या मैत्रिणीला हे तूच सांग. तिचं मन मोठं आहे, शंका नाही. पण ‘वरचे मी घालते’ या वाक्याखाली चार रात्री झोपायचं म्हणजे बाकीच्या चौघींना उशी टोचणार. सकाळी उशिरा उठावंसं वाटलं तरी तिला विचारूनच उठाल. त्यापेक्षा तिला एक गोष्ट करू द्या: एका संध्याकाळी नदीवरच्या बोटीतलं जेवण तिच्याकडून. एकदाच, सगळ्यांना, आनंदानं. तिचीही हौस फिटेल. आणि पाचवीचा खर्च चौघींनी उचलायचा, हे तर मुळीच नको. तुला कसंतरी वाटलं ते बरोबर वाटलं. दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला दोन हजार तिनंही भरलेत, तुमच्याइतकेच. कदाचित तुमच्यापेक्षा जड हातानं भरलेत. तिला फुकट नेलंत तर त्या चोवीस हप्त्यांची किंमत तुम्हीच शून्य केलीत.

उलटं करा. खर्चाचा आकडा तिला सांगू द्या. तिला एकटीला भेट, चौघींचा घोळका घेऊन जाऊ नकोस. ‘येणार का?’ असं विचारलंस तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण तेच सोपं असतं. ‘भाऊबीजेनंतर पाच दिवस मिळतील का, आणि ह्या ४८ मधले किती खर्चले तर तुला चालेल?’ असं विचार. ती चाळीस म्हणाली तर सहल चाळीसची. खरेदी बंद, मालिश एकदा, खोल्या आणखी साध्या, एक रात्र कमी. सगळ्यांचीच चाळीसची, तिच्या एकटीची नाही. पैसे जास्त असलेल्या बाईला कमी खर्चात चार दिवस काढता येतात, उलटं जमत नाही.

आणि ती म्हणाली की पोरीच्या फीसाठी मला ते अख्खे पैसे हवेत, तर त्याच दिवशी ४८,००० तिच्या हातात दे. ‘सावकाश देतो’ नको, ‘सहलीहून आल्यावर’ नको. तिकिटं काढायच्या आधी. मग तुम्ही चौघी खुशाल जा. तिला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि नाही म्हटलं म्हणून तिला बिचारी करायचा हक्क तुम्हाला नाही. तिकडून दर तासाला ग्रुपवर फोटो टाकून ‘तुझी लई आठवण येते’ असं लिहू नका म्हणजे झालं.

टूरवाल्यांचं विचारलंस. मी टूरवाल्यांच्या विरोधात नाही. सासूबाईंना काशीला मी टूरनंच पाठवलं होतं. पण चार रात्रींच्या स्वस्त थायलंड टूरमध्ये बहुतेक वेळा दोन रात्री पट्टाया आणि दोन बँकॉक असतं. पट्टाया दीडशे किलोमीटरवर. जाण्या-येण्यात, सामान बांधण्या-सोडण्यात एक दिवस संपतो, एक अर्धा दिवस रत्नांच्या कुठल्यातरी भव्य दुकानात जातो, आणि बँकॉक तुम्ही बसच्या काचेतून बघता. तुम्ही पाचजणी काही समुद्रावरच्या पार्ट्यांसाठी निघालेल्या नाही. आणखी एक: परदेशी टूरच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वसूल करतात. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तुमच्यातल्या किती जणी विवरणपत्र भरतात? हिशेब घट्ट असताना पैसे तिकडे अडकवायचे कशाला? तेव्हा स्वतः जा, एकच शहर, एकच हॉटेल. पट्टाया नाही, अयुथ्या नाही, फुकेत तर नाहीच.

पाच हा आकडा मात्र सहलीला वाईट, हे आत्ताच समजून घ्या. टॅक्सीत चारच बसतात. प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या, दोन भाडी, आणि पहिली टॅक्सी पोचल्यावर दुसरी कुठे अडकली याची काळजी. म्हणून राहायची जागा अशी निवडा की टॅक्सीची गरजच पडू नये. सुवर्णभूमी विमानतळाच्या पोटातूनच रेल्वे निघते, एअरपोर्ट रेल लिंक म्हणतात. फाया थाई या शेवटच्या स्टेशनला अर्ध्या तासात पोचवते, तिकीट ४५ बात. तिथूनच खांबांवरून धावणारी शहरातली रेल्वे मिळते, बीटीएस. त्या फाया थाई नाहीतर शेजारच्या राचथेवी स्टेशनाजवळ साधी, स्वच्छ हॉटेलं आहेत. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवरचं घ्या. बॅगा ओढत दोन किलोमीटर जायची वेळ आली की स्वस्त हॉटेलची सगळी बचत तिथल्या उकाड्यात वितळते. काही विमानं डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात, तेव्हा तिकिटावर नाव वाचा. परतताना चुकून दुसरीकडे गेलात तर विमान गेलंच म्हणून समजा. आणि गाडी लागलीच कधी, तर फोनवरच्या ॲपमध्ये सहा जणांची मोठी गाडी मागवता येते.

खोल्यांचं पण तसंच. तिघी एकीकडे, दोघी एकीकडे. पहिल्या रात्री सगळ्या हसत-खिदळत एकाच खोलीत जमतील, तिसऱ्या रात्री मात्र ‘त्या दोघींचं काय चाललंय’ सुरू होईल. रोज जोड्या बदला. घोरणारी कोण आहे ते आधी कबूल करून टाका.

आता माझी एक गोष्ट सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही चौघी बँकॉकला गेलो होतो. सकाळी दहाला राजवाड्याच्या दाराशी, म्हणजे दारापासून जरा अलीकडे, एक छान इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस भेटला. म्हणाला, आज पूजा आहे, राजवाडा दोनपर्यंत बंद. तोवर तुम्हाला माझा टुकटुकवाला वीस बातमध्ये चार देवळं दाखवेल. वीस बात! आम्हाला वाटलं, पुण्याई. दोन देवळं दाखवली, मग एक शिंप्याचं दुकान, मग एक रत्नांचं. गुजरीत पिढ्यान्‌पिढ्या सोनं घेणाऱ्या बायका आम्ही, तरी आमच्यातल्या एकीनं नीलम म्हणून एक निळा खडा घेतला. किमतीचं विचारू नकोस. राजवाडा सकाळपासून उघडाच होता. हा डाव त्या शहरात फार जुना आहे आणि अजून चालू आहे. तेव्हा ध्यानात ठेव: राजवाडा बंद आहे असं सांगणारा माणूस तुम्हाला राजवाड्याच्या दारात कधीच भेटत नाही, अलीकडेच भेटतो. हसून पुढे चालायचं.

पण आमची सहल बिघडली ती त्या खड्यानं नव्हे. एक मैत्रीण पाचही दिवस टॅक्सीचं, पाण्याच्या बाटल्यांचं, बोटीचं सुटे पैसे देत राहिली. आम्ही ‘बघू नंतर’ म्हणत राहिलो. परत आल्यावर आठव्या दिवशी तिनं प्रत्येकीच्या घरी चिठ्ठी पाठवली. माझ्या नावावर ३४० बात. हिशेब पैशापैशाला बरोबर होता आणि त्याचाच राग आला. वर्षभर आम्ही हळदीकुंकवाला एकमेकींकडे गेलो नाही. आज वाटतं, चूक तिची काहीच नव्हती. पाच दिवस ती मनातल्या मनात बेरजा करत फिरत होती आणि आम्ही फोटो काढत होतो.

म्हणून वर्गणी. आपल्याकडे तालमीच्या पोरांना हे बरोबर कळतं. गणपतीत आधी वर्गणी गोळा होते आणि एक खजिनदार नेमतात. पोचल्याबरोबर प्रत्येकीनं तीन हजार बात एका पाकिटात टाकायचे. रेल्वे, बोट, देवळाची तिकिटं, जेवण, पाणी सगळं त्यातून. संपले की पुन्हा हजार-हजार. खरेदी, मालिश आणि कुणाला गार बिअर हवी असेल तर ती ज्याची त्याची. माळकरीण कमी खाते, शिक्षिका दोनदा आइस्क्रीम खाते, ते बघायचं नाही. उरले ते शेवटच्या दिवशी वाटून घ्या. पाकीट रोज दुसरीकडे द्या. तू दोन वर्षं वही सांभाळलीस, तिकडे तरी मोकळी फिर.

पैसे बदलायचं: थोडे बात इथून, बाकीचे फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परदेशी पैसे आधीच भरून ठेवायच्या कार्डावर. साधं क्रेडिट कार्ड वापरलं तर वर दोन-तीन टक्के जातात. दुकानदार मशीन पुढे करून ‘रुपयांत की बातमध्ये?’ विचारतो तेव्हा बातच म्हणायचं. रुपये म्हटलं की भाव तो ठरवतो. एटीएममधून वारंवार काढू नका, दर वेळी दोनशेवर बात नुसती फी जाते. विमानतळावर बदलायचेच झाले तर खाली रेल्वेच्या मजल्यावर जा. तिथल्या खिडक्यांचा भाव वरच्यांपेक्षा बरा असतो.

बघायचं काय, यावर फार लिहीत नाही, एकच दिवस नीट आखून देते. राजवाडा साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बात. दार उघडताना तिथे असा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुमचे पंजाबी ड्रेस चालतात, बिनबाह्यांचं काही नको, आणि वरून ओढणी घेऊन भागेल असं धरू नका. आतल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती ओवऱ्यांच्या भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांच्याकडे त्याला रामकियेन म्हणतात. आपल्या माळकरणीला तिथे एक तास द्या. हनुमान ओळखू येतो, लंका ओळखू येते, पण कपडे, मुकुट, राक्षसांचे हिरवे चेहरे सगळं वेगळंच. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, हे तिला आधी सांगून ठेवा नाहीतर तिथेच वाद घालत बसेल. मग चालत ‘वाट पो’ला, तिकडे ‘वाट’ म्हणजे देऊळ. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, पाठीमागे १०८ भांडी ओळीनं मांडलेली, एकेकात नाणं टाकत जायचं. तो आवाज मला अजून आठवतो. तिकीट ३०० बात. मालिशची जुनी शाळा त्याच आवारात. मग धक्क्यावरून पाच-दहा मिनिटांत नावेनं पलीकडे ‘वाट अरुण’. हा अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. तिकीट २०० बात. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेला तो उंच मनोरा दुपार उतरताना बघा. तिन्ही मिळून हजार बात झाले, मी वर तेच धरलेत. परत येताना केशरी झेंड्याची बोट पकडा. वीस बातच्या आत नदीची सगळी सफर होते. पर्यटकांच्या बोटीची गरज नाही.

बाकीचे दिवस सैल ठेवा. चतुचक बाजार बघायचाच, म्हणून शनिवार-रविवारातला एक दिवस तिथे असला पाहिजे, तो तेव्हाच खरा भरतो. आपला लक्ष्मीपुरीचा बाजार धर आणि त्याच्यात हजारो दुकानं घाल. तिथे दोन तासांवर एक मिनिट थांबू नका, हरवून जाल आणि ३,९०० रुपयेही हरवतील.

माळकरणीचं जेवण हा खरा अवघड विषय आहे. तिकडे ‘व्हेज’ म्हटलं की मटण घालत नाहीत, पण माशांचा सॉस घालतात. नाम प्ला म्हणतात त्याला, आपल्या मिठासारखा सगळीकडे. शब्द पाठ करा: ‘जे’. ‘किन जे’ म्हणजे मी ‘जे’ जेवण खाते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो, तिथे मांस, मासे, अंडं काही नसतं, आणि गंमत म्हणजे कांदा-लसूणही नसतो. एकादशीला चालेल असं नव्हे, पण चातुर्मासात चालेल. चित्र फोनमध्ये काढून ठेवा आणि गाडीवाल्याला दाखवा. फाहुरात या भागात भारतीय वस्ती आहे, जवळच मोठा गुरुद्वारा आहे. तिथे पोळी-भाजी मिळते. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात तर सगळ्यांना चालतो. बरोबर भडंग, दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, तपासणीत काढून घेतात. बाकीच्या चौघींनी मात्र रोज भडंगावर राहू नये. रात्री यावारातला, चिनी पेठेत, जा आणि रस्त्यावर खा. तांबडा रस्सा पिणाऱ्या बायकांना तिथलं तिखट झेपतं.

कागदपत्रांची घाई आजपासून. पासपोर्टला आता पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, कोल्हापुरात टपाल कार्यालयातच केंद्र आहे. साध्या छत्तीस पानी पासपोर्टला १,५०० रुपये. हे तुझ्या ४८ हजारांत धरलेले नाहीत, लक्षात घे. आणि लग्नानंतरचं नाव, आधारवरचं नाव, दहावीच्या दाखल्यावरचं नाव एकमेकांशी जुळतंय का ते प्रत्येकीनं आज रात्रीच बघायचं. चाळिशीच्या बायकांचे पासपोर्ट पैशांवाचून अडत नाहीत, नावात अडतात. पोलीस पडताळणीला वेळ जातो. पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी. ज्यांचा जुना आहे त्यांचा परतल्यानंतरही निदान सहा महिने शिल्लक हवा. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, पण असे नियम फिरतात. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनाचा फॉर्म भरायचा असतो, मे २०२५ पासून सक्तीचा आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते खोटं.

आणि कोल्हापूरकरांची नेहमीची गंमत. तिकिटावर बारा तारखेचे पहाटे साडेबारा लिहिलंय म्हणजे अकरा तारखेच्या रात्री विमानतळावर असायचं. यात लोक खरंच चुकतात. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते. विमान मध्यरात्रीचं असेल तर पाच बायका आणि पाच बॅगा दिवसभर मुंबईत करणार काय? त्या गाडीनं जायचं तर दुपारचं विमान बघा. मध्यरात्रीचंच स्वस्त असेल तर सकाळची कोयना एक्स्प्रेस, पण तीही उशीर करते, म्हणून मधे चार-पाच तास ठेवा. हायवेनं खासगी बसनं जाऊन वेळ साधायचा विचार आत्ता करू नका, रस्त्याची कामं आणि घाट यांचा भरवसा नाही. पुण्याहूनही बँकॉकला सरळ विमानं सुरू झाली होती. तुमच्या तारखेला आहेत का ते बघा, असली तर मुंबईचा सगळा व्याप वाचला. हातातल्या बॅगेला बहुतेक सात किलोंची मर्यादा असते. पाचजणींत मिळून दोनच मोठ्या बॅगा विमानात टाका, पैसे वाचतात.

मिस्टरांचं हसणं: त्यांना म्हणावं, तुम्ही हसताय ते तुमच्या बँकॉकवर, आमचं वेगळं आहे. मग हॉटेलचा पत्ता, विमानाचे नंबर आणि विम्याचा कागद फ्रिजवर चिकटवून दे. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं, तेही लिही. रोज रात्री साडेनऊला फोन करायला लावतील ना, तेव्हा तिकडे अकरा वाजलेले असतात आणि तुम्ही झोपलेल्या असता.

हे सगळं नंतर. दुकान रात्री बंद होऊन ती घरी निघते तेव्हा तू महाद्वार रोडला जाऊन थांब. बरोबर वही ने, तिच्या नावाचं पान उघडून तिच्यासमोर ठेव, आणि पेन तिच्याकडे दे.